बघतो म्हणालो होतो

फादर, तुम्हाला देवाघरी जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी आता बीडला असतो, मिशनच्या वसतिगृहाचं काम बघतो. इथली मुलं मला 'मोठे फादर' म्हणतात. तिकडे आपल्या गावात हा शब्द फक्त तुमच्यासाठी होता आणि मी 'छोटे फादर' होतो. कुणी मला तशी हाक मारली की मी क्षणभर तुम्ही आलात का बघतो, आणि मग मान खाली जाते. का जाते ते तुम्हाला सांगायचं आहे. इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही.

मी माजलगावहून एसटीनं तुमच्याकडे आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. फाट्यावर एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कावून आलाव?" मी समुद्राकाठचा माणूस. मला वाटलं तो कुठल्या तरी गावाचं नाव विचारतोय, म्हणून मी म्हणालो, "नाही, वसईहून." तिकडे 'कावून' म्हणजे 'कशाला'. तुम्ही ते ऐकून पोट धरून हसलात आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला सांगत फिरलात. तुमचे दिवस किती साधे होते! चर्चमधली पहाटेची मिस्सा झाली की झग्याचं टोक कमरेला खोचून तुम्ही आवारातल्या दूध सोसायटीत उभे राहायचात. ती सोसायटी तुम्हीच घरोघरी फिरून उभी केलेली. बायका चरव्या घेऊन यायच्या, तुम्ही मापाशी उभं राहून प्रत्येकीच्या म्हशीची चौकशी करायचात, आणि प्रार्थनापुस्तक तिथेच कॅनवर पालथं पडलेलं असायचं. मला ते आवडायचं नाही. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला मी, मला वाटायचं की हे धर्मगुरूचं काम नव्हे.

एकदाच तुम्ही मला रागावलात. एका माणसाला आईला बीडच्या दवाखान्यात न्यायचं होतं, ओळखीची चिठ्ठी हवी होती. मी 'बघतो' म्हणालो आणि विसरलो. तो दिवसभर म्हातारीला घेऊन फाट्यावर बसून राहिला. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणालात, "जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हण. माणूस दुसरीकडं जाईल. तू बघतो म्हणालास की तो दुसरीकडं जायचा थांबतो." मी खूप दुखावलो होतो. त्या रात्री जेवलोही नाही.

तुम्ही गेलात आणि पुढच्याच वर्षी पाऊस आला नाही. सिंदफणा नदीत वाळू तेवढी उरली, आणि धरणाच्या पोटातली बुडालेली देवळं उघडी पडली म्हणून लोक ती बघायला जायचे. जनावरं आधी चारा छावणीत गेली, मग बाजारात. सोसायटीत रोज दोन कॅन भरायचे, मग एक, मग अर्धा. शेवटी कुलूप मीच लावलं, कारण तुमच्यामागे चेअरमन म्हणून माझंच नाव होतं. टँकर आला की मिस्सा चालू असली तरी बायका उठून जायच्या, आणि मी रिकाम्या बाकांकडे बघत पावसासाठीची प्रार्थना पुरी करायचो. ती प्रार्थना मला आजही तोंडपाठ आहे. तिच्यामागे मात्र तेव्हाही काही उरलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायची तयारी झाली. टोळीचा मुकादम नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरायचा आणि उचल आधीच देऊन ठेवायचा. एका दुपारी मी चर्चला कडी लावतोय आणि ती पायरीशी उभी आहे. तुम्ही तिला लहान पाहिलेलं. आदल्या वर्षी तिचं लग्न मीच लावलं होतं. तिची सासू आपल्या चर्चची झाडलोट करायची. तिला सातवा महिना लागलेला. हातातला पदर पिळत ती म्हणते, "फादर, मुकादमाला तुमी सांगा. ह्या साली मला हितंच राहू द्या म्हनावं. नवरा म्हनतो, बायकूबिगर कोयता कोन घेतंय. त्याला तोंड न्हाई मुकादमापुढं. तुमचं ऐकतील ते." मी विचारलं, "घरी बोललीस?" "सासूबाई म्हनल्या, फादरलाच सांग." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बघतो. बोलतो मी त्यांच्याशी." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. जाताना तिनं पायरीवरचा पाचोळासुद्धा गोळा करून नेला.

मुकादमाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, फादर. पहिल्या दिवशी मी निघालो आणि कोपऱ्यावरूनच परत आलो, कारण त्याच्या ओट्यावर वीसपंचवीस माणसं बसली होती. त्यांच्यासमोर तो मला नाही म्हणाला असता तर? तुम्हाला तो नाही म्हणाला नसता. माझं तोंड मात्र लहान झालं असतं. दुसऱ्या दिवशी ठरवलं, संध्याकाळी जाऊ. संध्याकाळी वाटलं, घरच्यांचं घरचे बघतील. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघाले. ती बोचक्यांवर बसली होती. मला बघून तिनं हात जोडले. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. मी बोललो असेन आणि मुकादमानंच ऐकलं नसेल, असं तिनं धरलं असावं. मीही हात जोडले.

माघात तिला परत आणलं. फडातच पोट दुखायला लागलं, दवाखाना लांब, वाटेत बैलगाडी, मग ट्रॅक्टर. ती गेली आणि बाळही गेलं. दोघांना एकाच पेटीत ठेवलेलं. तिचा नवरा पेटीचा कोपरा धरून बसला होता, त्याच्या बोटांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या रेघा होत्या. मी दफनाच्या प्रार्थना म्हटल्या, माती टाकली. सगळे पांगल्यावर सासू माझ्यापाशी आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "फादर, एकच सांगा. तुमी बोललात का त्याला?"

तेव्हा नाही म्हणायचं होतं. एकच शब्द.

मी म्हणालो, "बोललो होतो, बाई. त्यानं ऐकलं नाही."

त्या दिवसापासून ती रोज मुकादमाच्या दारासमोर जाऊन बसायची आणि त्याचं नाव घेऊन छाती बडवायची. आठवड्यानं मुकादम माझ्याकडे आला. चप्पल बाहेर काढून आत आला, बसला मात्र नाही. "फादर, म्हातारी मला पोरीचा जीव घेतला म्हनायलीय. तुमी माझ्याकडं कवा आलते?" मी टेबलावरची पुस्तकं सारखी करत राहिलो. त्यानं ते बघितलं. मग म्हणाला, "तुमी नुसतं म्हनला असता तर ठिवलं असतं मी तिला. माझ्याबी घरात लेकी हायेत." दारापर्यंत गेला, परत वळला. "मोठ्या फादरच्या जागेवर बसलाव तुमी. म्हनून मी गप ऱ्हातो. न्हाई तर चावडीवर विचारलं असतं." आणि तो खरोखरच गप्प राहिला. त्याच्या धाकट्या लेकीची सोयरीक ह्या बोलण्यापायी मोडली, तरी गप्प राहिला. त्यानं ते तुमच्यासाठी केलं, फादर, आणि मी ते होऊ दिलं.

म्हातारी माझ्यावर आणखीच जीव टाकायला लागली. स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातून माझी घागर भरायची. "तुमी तरी बोललात माझ्या सुनंसाठी," म्हणायची. ते पाणी मी प्यायलो. पुढच्या वर्षी बदली मागून घेतली. पापनिवेदनात एका धर्मगुरूला सांगितलं, कर्तव्यात कसूर झाली. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना सांगितल्या, त्या मी वाट संपायच्या आत म्हणून टाकल्या. खोटं बोललो, ते सांगितलंच नाही. तेव्हापासून रोज मिस्सा करतो, दुसऱ्यांना क्षमा देतो. लोक हलके होऊन जातात. ते कसे होतात मला कळत नाही. देव ऐकत नाही असं मी म्हणत नाही. मीच त्याच्याशी बोलायचं बंद केलंय, नुसती वाक्यं म्हणतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता आलं. तुम्ही काही उत्तर देणार नाही. म्हातारी मात्र अजून आहे. डोळ्यांनी दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं, असं तिकडून आलेली माणसं सांगतात. मुकादमही आहे. बीडहून एसटीनं दोन तास लागतात. उद्या मला काही काम नाही. तरी मी जाणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.