ओबिस्पोला बारीक केल्याचे परिणाम

रोसारियो, जानेवारी

चि. ग्रिसेल्दा हिला ओफेलिया मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? तुझ्या आईचा गुडघा आणि तिचा स्वभाव, यांपैकी कशाला तरी उतार आहे का? इथे भर उन्हाळ्याचा उकाडा मी म्हणतो आहे. अर्धं शहर समुद्रावर पळालं आणि त्यांची कुत्री-मांजरं माझ्या गळ्यात पडली आहेत.

नोकरी सोडून लोकांची जनावरं सांभाळायचा धंदा काढतेस, म्हणून तू सल्ला मागितलास. तर ऐक. जनावर जसं घेतलंस तसंच परत कर. चुकूनही सुधारू नकोस.

मी सुधारलं. आमच्या गल्लीच्या टोकाला पेर्पेतुआबाई राहतात (विधवा, चर्चमध्ये कायम पहिल्या बाकावर). लेकीच्या बाळंतपणाला मेन्दोसाला जाताना त्या आपला कुत्रा माझ्याकडे ठेवून गेल्या. नाव ओबिस्पो, म्हणजे बिशप. पाय आखूड आणि पोट असं, की चालताना फरशी पुसली जाई. त्याची भूक जरा नाजूक आहे असं सांगून बाईंनी त्या नाजूक भुकेसाठी आटीव गोड दुधाच्या डब्यांची चळतच माझ्या ओट्यावर रचली.

माझ्या दाराची एक पायरी त्याला चढवेना. तिथेच बसून धापा टाकायला लागला, जीभ निळसर पडली. मी त्याला उचलून (माझी कंबर अजून आठवण काढते) जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि हा येता हिवाळा बघणार नाही म्हणाले; गोड बंद करा, चालवा. मी मेन्दोसाला फोन लावला. तिकडे लेकीला कळा सुरू झालेल्या. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. (अशी परवानगी धंद्यात कधी खरी मानू नये.)

मग उकडलेली कोंबडी, भोपळा आणि सकाळच्या गारव्यात नदीकाठी फेरी. उन्हात नाही हं. आपला उलटा हात रस्त्यावर टेकवून बघावा, आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार. सुरुवातीला त्याने रस्त्याच्या मधोमध ठिय्या दिला, बस अडली आणि खिडक्याखिडक्यांतून मला कुत्रं पाळण्याचं शिक्षण मिळालं. पण पुढे एका सकाळी तो चक्क कबुतरामागे धावला. कबुतर सुटलं. मी मात्र तिथेच उभी राहून रडले.

बाई परतल्या. ओबिस्पो उड्या मारत समोर गेला, तर त्या म्हणाल्या, "हा माझा नव्हे." मग त्याच्या बरगड्या चाचपून म्हणाल्या, "उपाशी मारलंत तुम्ही याला." संध्याकाळपर्यंत सगळ्या चर्चला कळलं. एका घराने माझ्याकडची आपली कॅनरी पिंजऱ्यासकट परत नेली. राग आलाच, पण त्याहून धास्ती होती त्या डब्यांची.

दुसऱ्या दिवशी फिरायच्या वेळेला ओबिस्पो त्यांच्या फाटकाखालून निसटून (पूर्वी पोट आड यायचं) माझ्या दारात हजर. मागून सपाता फटफटवत बाई. त्याच पायरीवर बसून त्या धापा टाकायला लागल्या. मी पाणी दिलं, माते नावाचा आपला कडू चहा करून दिला, आणि भांडणाची वाट बघत बसले.

"डॉक्टर मलाही हेच सांगतात," त्या हळूच म्हणाल्या. "चाला म्हणे. पण एकटीला कुठे जाववतं?"

"मग उद्यापासून दोघांना नेते," मी म्हटलं.

आता आम्ही तिघं निघतो. रस्त्यात ठिय्या आता बाई देतात. आणि चर्चमध्ये कुजबूज अशी, की मी आता पेर्पेतुआबाईंनाही उपाशी मारते आहे.

तुझ्या धंद्याला यश येवो.

तुझी,
ओफेलिया मावशी

ता. क. फेब्रुवारीत मी आणि पेर्पेतुआबाई मार देल प्लाताच्या समुद्रावर जातो आहोत. तिथल्या हॉटेलात कुत्री चालत नाहीत. तेव्हा तुझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ओबिस्पो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याला न्यायला ये. नाही म्हणू नकोस, मी तुझ्या वतीने हो म्हणून बसले आहे.

आणखी एक. दुपारी तो माझ्याकडे येऊन माझ्या उशीवर झोपतो. पेर्पेतुआबाईंना वाटतं टोपलीत. त्यांना तसंच वाटू दे, आणि उशी मी सोबत देते, ती उन्हाकडच्या बाजूला ठेवू नकोस, त्याचे डोळे दिपतात.