धोकादायक इमारतीचं अभिनंदन

प्रिय हानबी,

फोनवर तू विचारलंस, "आई, घर आत्ता घेऊ की भाव उतरेपर्यंत थांबू?" आणि मी चक्क फोन ठेवून दिला. रागावू नकोस. तेव्हापासून मला चैन नाही. किमचीच्या कोबीला मीठ लावायला बसले, तर निम्म्यातच उठले. म्हटलं, लिहूनच टाकावं.

आधी बातमी. आपलं घर आहे त्या संकुलाच्या फाटकावर भलामोठा फलक लागलाय, 'हार्दिक अभिनंदन! आपल्या इमारती धोकादायक ठरल्या!' खाली सगळे मालक तांदळाचे केक वाटत होते. धोकादायक ठरल्या म्हणजे एकदाचा पुनर्विकास होणार, टॉवर उभे राहणार. दलाल बांगबाई तर माझ्या हातालाच लटकली. "ओक्हुईताई, याच आठवड्यात विका, असा भाव पुन्हा यायचा नाही." तिच्या पाठोपाठ पुनर्विकास समितीचे अध्यक्ष, "वेड लागलंय का? टॉवर होईस्तोवर हलू नका." दोघांचंही पटतं गं मला, हीच तर पंचाईत आहे.

ते घर घेतलं तेव्हा तू दुसरीत होतीस. महिन्याच्या भाड्याऐवजी भाडेकरूने एकरकमी दिलेली दांडगी अनामत, वर आपली पुंजी, की झालं घर आपलं. राहायचे ते, आणि आपण तिकडे उइजोंगबूला भाड्याच्या तळघरात. रविवारी बाबा आपल्याला तिथे फिरायला न्यायचे, पाचव्या मजल्याकडे बोट करून म्हणायचे, "ती बघ आपली खिडकी." मग तिथे दुसऱ्यांचे कपडे का वाळतायत, असं तू विचारायचीस. मी म्हणायची, भाव जरा वाढू दे, मग जाऊ. भाव वाढला की म्हणायची, आता अनामत परत करायला एवढे पैसे आणायचे कुठून? आणि भाव पडला की मग तर बोलायलाच नको.

मग ती गळती लागली. भाडेकरूच्या बाळाच्या अंथरुणावर छतातून पाणी ठिबकायचं. समितीने बजावलं होतं, गळू द्या, तडे जाऊ द्या, तपासणीच्या वेळी तेवढंच उपयोगी पडेल. आणि जन्मभर लाद्या बसवलेले तुझे बाबा गुपचूप गच्चीवर चढून तडे बुजवून आले! वर न्हाणीघरात नव्या लाद्याही बसवल्या. नेमकं त्याच साली तपासणीवाले सांगून गेले की इमारत अजून टिकेल. झालं! जो तो यांच्या नावाने बोटं मोडायला लागला. जिन्यात भेटले की टोमणा ठरलेला, "आले बघा इमारतीचे डॉक्टर!" एका माणसाच्या सिमेंटने अख्खं संकुल थोडंच ठणठणीत होतं? पण तेव्हा मलाही ते दिसलं नाही, मीही धुसफुसत होते. ते आपले हसायचे. म्हणायचे, "अगं, घर आहे ते. पडावं म्हणून नवस कसा बोलायचा?" आणि गेल्या शरदात स्वतःच गेले, आपलं घर म्हणून त्या खिडकीतून एकदाही खाली न बघता.

परवा भाडेकरू गेले. त्यांची अनामत परत करायला मी आपल्या भाड्याच्या खोल्या या शनिवारपासून सोडल्या, तिथली अनामत घेतली, बाबांच्या विम्याचे पैसेही घातले. रिकाम्या घरात शिरले. भिंतींचे पोपडे निघालेत, खिडकी नीट लागत नाही, पण न्हाणीघरातली एक लादी हललेली नाही. तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले. बांगबाईचा फोन वाजत होता, वाजू दिला.

पाडायला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणतात. तेवढं मी तिथे राहणार आहे. विकायचं की नाही ते नंतर बघू. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला खरंच येत नाही, पोरी. घर हवं तेव्हा घे, पण घेशील तर त्यात राहायला जा. शनिवारी सामान हलवतेय. पंचांगात दिवस वाईट आहे म्हणून टेम्पो स्वस्तात मिळाला. नव्या घरात सगळ्यात आधी भाताचा कुकर न्यायचा असतो, आणि बाबांनी त्या घरासाठी घेऊन ठेवलेला कुकर तुझ्याकडे आहे, अजून खोक्यातच. तो घेऊन ये. तू येईपर्यंत माझं सगळं सामान जिन्यातच राहील.

तुझीच,
धोकादायक इमारतीतली आई