योकोहामातलं बटणांचं दुकान

प्रिय आई,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू आधी घाबरशील, मग चष्मा शोधशील आणि मग तुझ्या लाडक्या लेकाला, नचिकेतला, हाक मारशील. त्याला बोलावू नकोस. बाबा फिरायला गेले की एकटी बसून वाच. अक्षर वाईट आहे, सवय गेली, नाक मुरडू नकोस. इथे कावासाकीत थंडी सुरू झालीये. स्टेशनजवळची झाडं पिवळीधमक झालीत आणि माझ्या बाल्कनीतली कोथिंबीर मान टाकून बसलीये. केन्ता तिला रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणतो. जावई शोधलाय तो असा.

आधी बातमी सांगते. आपले दिगंबरपंत सापडले! विमानतळावर निरोप देताना तू म्हणाली होतीस ना, की बाबांच्या पणजोबांचं योकोहामात दुकान होतं म्हणे, काही खूण मिळते का बघ. इतकी वर्षं टाळत होते, पण यंदा उन्हाळ्यात मनावर घेतलं. योकोहामा म्हणजे आमच्यापासून काही स्टेशनं पुढे. टेकडीवरच्या एका छोट्या देवळाच्या मागे जुनी थडगी आहेत, त्यात शेवटच्या रांगेत एक बुटका दगड आहे. त्यावर चक्क देवनागरीत लिहिलंय, दिगंबर नारायण पेडणेकर, वेंगुर्ले. अक्षरं वाकडीतिकडी आहेत, वेलांट्या भलत्याच बाजूला. पाथरवटाला यातलं एक अक्षर येत नव्हतं, समोरच्या कागदावरून त्याने नुसतं गिरवलं असणार. मी तिथेच मटकन बसले आणि रडले. का रडले ते मलाही कळेना, मी त्यांना कुठे पाहिलं होतं?

देवळातले पुजारी सत्तरीचे आहेत, गप्पिष्ट. त्यांच्या पणजोबांचं आणि दिगंबरपंतांचं घर शेजारी शेजारी होतं, त्यामुळे त्यांच्याकडे ही सगळी हकिकत पिढ्यांपासून सांगत आलेत. आपल्याकडे तेव्हा राणी व्हिक्टोरियाचं राज्य आणि इकडे योकोहामाही बंदराच्या बाजूने अर्धं इंग्रजांचं झालेलं, गॅसचे दिवे, विटांची घरं, घोडागाड्या. जपानी माणसं नुकतीच कोट घालायला लागली होती आणि कोटाला बटणं लागतात हे आपल्या माणसाने बरोबर हेरलं. शिंपल्यांची, शिंगाची, पितळेची बटणं तो विकायचा. दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मोडक्यातोडक्या जपानीत हाका मारायचा आणि गिऱ्हाइकाच्या कोटाचं सैल बटण स्वतः शिवून द्यायचा. वेंगुर्ल्याचा माणूस, बोलण्यात हार जाणार आहे थोडाच! सगळी गल्ली त्याला ओळखत होती. मग त्याने हात्सू नावाच्या एका शिंपिणीशी लग्न केलं आणि तसं घरी कळवलं.

आता आपल्या घरी काय सांगतात ते आठव. परत येताना बोट बुडाली, दिगंबरपंत त्यात गेले, प्रेत मिळालं नाही म्हणून नारायणरावांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. त्यातलं पुतळ्याचं तेवढं खरं आहे. बोटबीट काही बुडाली नव्हती, आई. वेंगुर्ल्याचा एक खलाशी पुढे योकोहामाला आला तेव्हा मराठी हाक ऐकून वळलेल्या त्याने दिगंबरपंतांना दुकानात बसलेलं पाहिलं आणि त्याची वाचाच बसली. मग त्याने सांगितलं की तुमच्या वडिलांनी तुमचे दिवस घातले, तुमच्या बायकोचं कुंकू पुसलं. नारायणरावांनी जिवंत मुलाला जाळलं, आणि तेही रीतसर, मंत्र म्हणून.

पण हे कळायच्या आधीच इकडे काहीतरी सुरू झालं होतं. गिऱ्हाईक दुकानात यायचं, कुणी आहे का म्हणून विचारायचं आणि समोर उभ्या असलेल्या दिगंबरपंतांकडे न बघता निघून जायचं. आधी त्यांना वाटलं, गल्लीतले लोक गंमत करतायत. मग न्हाव्याने त्यांच्या नंतर आलेल्याला आधी बसवलं, आणि त्यानंतर आलेल्यालाही. पुजाऱ्यांचे पणजोबा सांगायचे की आम्ही काही मुद्दाम करत नव्हतो, नजर त्यांच्यावर ठरायचीच नाही. हात्सूला मात्र ते दिसायचे. गल्ल्यावर ती बसायची, शेजारी एक चहाचा पेला ठेवायची, आणि पेला रिकामा व्हायचा एवढंच बाकीच्यांना कळायचं. एका सकाळी ती बाहेर येऊन म्हणाली की ते गेले. लोकांनी शवपेटी उचलली. आत कुणालाच काही दिसलं नाही, पण पेटी जड होती.

हे सांगून पुजारी हसले आणि मला बिस्किटं दिली. मीही हसले. छान भुताची गोष्ट मिळाली, दिवाळीत नचिकेतला सांगून घाबरवू, असं म्हणत घरी आले.

मग सप्टेंबरात नचिकेतचा फोन आला. आईबाबा पितृपक्षात वेंगुर्ल्याला गेले होते, बाबांनी भटजींकडून काहीतरी करून घेतलं, असं म्हणाला. काय करून घेतलं विचारल्यावर एकदम क्रिकेटवर घसरला. तुला माहितीये, त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. मी सोडून दिलं. केन्ताशी लग्न ठरवलं तेव्हा बाबा म्हणाले होते की तुझ्या नावाने आंघोळ करून मोकळा होतो. रागात माणूस काहीही बोलतो. बाबांचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, गॅस बंद केला की खाली बसणार, असंच मी धरून चालले होते.

त्यानंतर आठवड्याभरात घराखालच्या दुकानाचं काचेचं दार माझ्यासाठी उघडेना. आपोआप उघडणारं दार आहे ते. दुसरं कुणी येईपर्यंत मी ताटकळत उभी राहते आणि त्याच्या मागून शिरते. आत गेल्यावर पूर्वी सगळे ओरडून स्वागत करायचे, आता माझ्या पुढच्याचं करतात. जिन्यातला माणसाच्या चाहुलीने लागणारा दिवा लागत नाही. ऑफिसात परवा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, नेत्रा-सान आज आल्या नाहीत का? मी त्यांच्या समोरच बसले होते. आले आहे, म्हणाले, तर ते दचकले, खूप वाकून माफी मागितली, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मी विनोद करून नेते, तुला माझा स्वभाव माहीतच आहे. पण तुला फोन लावते तेव्हा तू हॅलो, हॅलो, कोण बोलतंय, असं म्हणून ठेवून देतेस. मी आई, आई करून ओरडत असते. तुला खरंच काही ऐकू येत नाही का?

केन्ताला मी दिसते. हात्सूला ते दिसायचे तशी. मंगळवारी मात्र त्याने जेवणाचं एकच ताट वाढलं, मग स्वतःच त्याच्याकडे बघत राहिला आणि पांढराफटक पडला. मग उठून त्याने दुसरं ताट घेतलं.

आणि आता खरी बातमी, जी मला तुला फोनवर ओरडून सांगायची होती. मला सहावा महिना लागलाय. बाळ छान आहे, लाथा मारतं, त्यावरूनच मी आहे हे मला कळतं. गेल्या खेपेला दवाखान्यात नर्सने माझा नंबर पुकारला, मी उठून तिच्यासमोर गेले, आणि ती माझ्या मागे बघत पुन्हा पुन्हा पुकारत राहिली. शेवटी केन्ताने माझा हात धरून तिच्या हातात दिला. बाळंतपणाच्या वेळी केन्ताला आत येऊ दिलं नाही तर? मी ओरडेन आणि खोलीत कुणी नाही असं समजून त्या बायका दिवा बंद करून निघून जातील. आई, मला फार भीती वाटते गं.

म्हणून हे लिहिलं. कागद तरी तुझ्यापर्यंत पोचेल. बाबांनी वेंगुर्ल्यात काय केलं ते मला कळव, तू तिथे होतीस. तू का गप्प बसलीस ते मी विचारणार नाही. इथल्या गणपतीला व्हिडिओवरून पूजा सांगणाऱ्या पुण्याच्या गुरुजींना मी मेल केली होती, आपली सहज शंका म्हणून. त्यांनी कळवलं की दिवस घातलेला माणूस जिवंत निघाला तर त्याला तुपाने न्हाऊ घालतात आणि बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करतात, म्हणजे तो नव्याने जन्मतो. बाबा तयार होणार नाहीत. त्यांना विचारूही नकोस. भटजी मिळाले तर बघ, नाही मिळाले तर तूच कर. मी समोर नाही, तर माझ्या लहानपणच्या झबल्याला तूप लाव, ते पाळण्यात ठेव आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने माझं नाव ठेव. एकदा तू मला जन्म दिलायस, तुला सगळं येतं. फक्त लवकर कर. मला माझ्या बाळाच्या आधी जन्मायचंय.

तुझीच,
नेत्रा