मेअखेरचा उंच खांब

रविवार, ३ मे २०२६

मोठ्यांच्या धंद्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. या वहीचीही क्षमा मागूनच लिहिते.

मामांनी नोकरी सोडून संग्रामपूरला विजेच्या स्कूटरींचे दुकान घेतले, ते माझ्या आलेखाच्या भरवशावर. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी जिल्ह्यातील इलेक्ट्रिक गाड्यांच्या नोंदणीचा अंदाज बांधला होता. त्यात मेअखेरचा खांब सर्वांत उंच. मामांनी तो कागद चौकटीत बसवून दुकानात लावला. उद्या सकाळी ते तीस गाड्या मागवणार आहेत.

आज संध्याकाळी आई मेथी निवडताना सहज म्हणाली, "काऊन वं, धोंड्याच्या महिन्यात नवी गाडी कोन घेते?"

मी भिंतीवरचे कॅलेंडर उघडून पाहिले. अधिक महिना सतरा मेपासून लागतो. माझ्याकडे नोंदी दोनच वर्षांच्या, आणि त्या दोन्ही वर्षांत अधिक महिना आलाच नव्हता. संख्याशास्त्राची पद्धत आणि संगणकाला शिकवलेली पद्धत, दोघींचे एकमत झाले म्हणून मी निर्धास्त होते. पण दोघींना शिकवले मीच ना?

"आमची भाची कॉम्प्युटरात पुढचं पाह्यते," असे मामा गावभर सांगतात. आता काय म्हणतील? चौकटीतला तो खांब डोळ्यांपुढून हलत नाही. आणि मी गप्प राहिले तर...

शेवटी लिहिले: "मामा, क्षमा करा. माझा अंदाज चुकला आहे. उद्या गाड्या मागवू नका. तो कागद भिंतीवरून काढा."

पाठवले: ३ मे २०२६, सायंकाळी ७ वाजून ४२ मिनिटे.