आधी पाच, मग दोन

आदरणीय दादा,

वाकून नमस्कार करायचा म्हटलं तर गुडघा परवानगी देत नाही, म्हणून बसल्या जागेवरूनच मनापासून नमस्कार. वहिनींनाही सांगावा. आपली कंबर आता कशी आहे? (आमच्या घरी आपल्या कंबरेची चौकशी रोज होते. माझ्या गुडघ्याची होत नाही, कारण तो कुरकुरतो पण चालतो.) इकडे सगळे ठीक आहेत. 'ठीक' हा शब्द मी अलीकडे फार जपून वापरतो. का, ते पुढे येईलच.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी नेहमीप्रमाणे आंघोळ करून, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला बसलो. आपल्याला ठाऊकच आहे, त्या वेळी मी काही मागत नाही. मागण्याचं खातं लग्नापासून आपल्या बहिणीकडे आहे. तर बसलो, आणि नामाऐवजी मनात वाक्य उमटलं : 'या प्रार्थनेअखेर भक्त खालीलपैकी किमान दोन गोष्टी करू शकेल.' डोळे उघडले, पुन्हा मिटले. आता प्रश्न पडला, की बसण्यापूर्वी भक्त कोणत्या पातळीवर होता हे नोंदवलंच नाही, तर बसल्याने काय फरक पडला ते कळणार कसं? मी उठलो, देवाकडे क्षमा मागितली आणि स्वयंपाकघराकडे चहा. महाविद्यालयाने आम्हाला दिलेलं प्रशिक्षण माझ्यात पूर्ण मुरलं आहे, हे त्या सकाळी माझ्या लक्षात आलं.

माझं काम नेमकं काय, हे आपल्याला इतक्या वर्षांत कुणाला नीट सांगता आलेलं नाही, यात आपला दोष नाही. ('आमचे जावईबुवा कॉलेजात असतात' एवढं सांगून आपण विषय बदलता, हे मी ऐकलं आहे.) विद्यार्थी कल्याण विभाग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला जिन्याला लागून असलेली एक खोली, दोन खुर्च्या, सायकली ठेवायच्या जागेकडे उघडणारी एक खिडकी, आणि मी. घर सोडून पहिल्यांदाच आलेली मुलं-मुली तिथे येतात. बहुतेक वेळा काहीतरी निमित्त काढून येतात. ओळखपत्र हरवलं, खोलीतला दिवा गेला. मी बसा म्हणतो. ओळखपत्र खिशातच असतं. थोड्या वेळाने खरी गोष्ट बाहेर येते, कधी रडू येतं, मग तोंड धुऊन ती जेवायला जातात. एवढंच काम. याला आजवर कुणी काम म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते सुरळीत चाललं होतं.

मग प्राचार्यांना कुठूनसं कळलं, की विद्यार्थ्यांसाठी झटणाऱ्या आम्हा मंडळींना झटता येतं, पण झटल्याचं मोजता येत नाही. ही उणीव भरून काढायला प्रशिक्षण ठेवलं. आपणही तेव्हा फोनवर म्हणाला होता, की काळाबरोबर चालावं. काळ वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होता आणि तिथली खिडकी उघडत नव्हती. शिकवायला आलेल्या बाई वयाने लहान, हुशार आणि मनाने फार चांगल्या. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, की 'कळेल', 'वाटेल', 'बरं वाटेल' ही क्रियापदं आजपासून बंद. डोळ्यांना दिसेल अशीच क्रिया लिहायची. प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल एक वाक्य पूर्ण करायचं : 'या उपक्रमानंतर विद्यार्थी अमुक करू शकेल.' वसतिगृहाच्या रेक्टरनी लिहिलं, 'विद्यार्थी वेळेवर झोपू शकेल.' हे मोजणार कसं, असं बाईंनी विचारलं. रेक्टर म्हणाले, "मोजायचं काय त्यात? मी दिवेच बंद करतो." खेळाच्या शिक्षकांनी लिहिलं, 'विद्यार्थी न चिडता हरू शकेल.' पुरावा मागितला तेव्हा ते म्हणाले, "बाई, आमचा संघ बघायला या. तुम्ही म्हणाल त्या दिवशी दाखवतो." मी बराच विचार करून लिहिलं, 'विद्यार्थी रात्री जेवू शकेल.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मायेने म्हणाल्या, "सर, हे खानावळीचं उद्दिष्ट झालं."

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर आपण म्हणाल, हा नुसता नाकं मुरडतो. रेक्टरनी त्या प्रशिक्षणामुळे आयुष्यात पहिल्यांदा मुलांना काही विचारलं. मुलांनी सांगितलं, की वरच्या मजल्यावर गरम पाणी येतच नाही. हे त्यांना माहीत नव्हतं, कारण ते स्वतः तळमजल्यावर राहतात. नळ दुरुस्त झाला. मोजणं वाईट असतं असं मी म्हणत नाही. आमच्या गावच्या शाळेत आरोग्य तपासणी ठरली तेव्हा वजनाचं यंत्र नव्हतं, म्हणून मास्तरांनी आम्हा सगळ्या पोरांना दुकानदाराच्या धान्याच्या काट्यावर उभं केलं. तो काटा धान्य विकत घेण्याचा होता, म्हणजे माल कमी भरावा अशा बेताने बसवलेला. त्यामुळे कागदावर आमचं गाव इतकं अशक्त निघालं, की वरून औषधाच्या बाटल्या आल्या, आणि धडधाकट पोरांनी त्या तोंड वाकडं करून संपवल्या. तेव्हापासून मोजमापाला माझी हरकत नाही. फक्त काटा कुणाचा, एवढं मी आधी विचारतो. या वेळी विचारायचं राहून गेलं.

बाईंनी मला एक कागद तयार करून दिला. वर प्रश्न : 'आत्ता तुम्हाला कसं वाटतं?' खाली एकपासून पाचपर्यंत आकडे. एकावर रडका चेहरा, पाचावर हसरा. ('वाटेल' हे क्रियापद बंद होतं, पण चेहरा काढला की चालतं, असं दिसतं.) मूल खोलीत आलं की आधी हा कागद भरायचा आणि जाताना पुन्हा तोच. दोन्हींतला फरक म्हणजे माझं काम. मला पटलं. खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. इतक्या वर्षांत आपण काही करतो की नुसते खुर्चीत बसतो, हे एकदाचं कळणार होतं. (आपल्या बहिणीच्या मनातही ही शंका अधूनमधून येते.)

आता काय झालं ते ऐका. मूल दारात येतं, डोळे सुजलेले. मी बसा म्हणण्याआधी कागद पुढे करतो. ते माझ्याकडे बघतं, कागदाकडे बघतं आणि पाचावर खूण करतं. दुसरं येतं, पाच. तिसऱ्याचा आवाज फुटत नव्हता, त्यानेही पाच. परक्या माणसाने टेबलाआडून 'कसं काय' विचारलं तर आपण काय म्हणतो? मजेत. मग ते बसतं, बोलतं, रडतं, नाक पुसतं. जाताना मी पुन्हा कागद देतो, आणि आता ते खरं लिहितं. दोन. महिनाभर हेच चाललं. येताना पाच, जाताना दोन. एका पहिल्या वर्षाच्या मुलीला मी विचारलंच, की बाई गं, असं का? ती म्हणाली, "सर, आधी तुम्ही ऑफिसातले होता. आता तुमच्यासमोर खोटं कसं लिहू?" एवढं बोलून ती जेवायला गेली, आणि मी तिचा तो दोनाचा कागद हातात धरून बसलो.

बाकीच्या विभागांनीही असेच कागद भरून घेतले होते; सगळ्यांचे आकडे एकत्र करून अहवाल निघाला. रेक्टरांचे विद्यार्थी आधी चार, नंतर चार. खेळाचे आधी तीन, नंतर तीन (हरण्याची सवय). माझा आलेख मात्र लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा. त्याखाली स्वच्छ मराठीत निष्कर्ष होता, की सदर खोलीत बसल्याने विद्यार्थ्यांच्या समाधानात लक्षणीय घट होते. सभेत प्राचार्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "तुम्ही नक्की काय करता हो त्यांना?" मी सगळं समजावून सांगितलं, त्या मुलीचं म्हणणंही सांगितलं. हेही सांगितलं, की दोन-तीन दिवसांनी व्हरांड्यात गाठून त्यांना विचारा, तेव्हा चार म्हणतील. बाईंना ते खरंच पटलं. त्या म्हणाल्या, की मुद्दा मोलाचा आहे आणि तो अहवालात जायलाच हवा. गेला. शेवटच्या पानावर, 'मर्यादा' या मथळ्याखाली, इतक्या बारीक अक्षरांत की मुंगीलाही वाकून वाचावं लागेल.

दादा, अशा माणसाचं पुढे काय होईल असं आपल्याला वाटतं? मला बढती दिली. प्राचार्यांचं म्हणणं असं, की बाकी कुणाच्या कामाने काही हललं नाही. हलवून दाखवलं ते एकट्या माझ्याच विभागाने. दिशा उलटी होती, हा तपशील झाला. तर मी आता मूल्यमापन समन्वयक व्हायचं, सगळ्या विभागांना कागद वाटायचे आणि गोळा करायचे. ती खोली मूल्यमापन कक्ष होणार. दार काचेचं बसणार, खुर्चीला चाकं येणार. विद्यार्थ्यांना कसं वाटतं ते त्यांनी घरबसल्या मोबाइलवर कळवायचं. ज्यांनी दोनच्या खाली कळवलं, त्यांना आपोआप एक संदेश जाईल : 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.'

ही बातमी मी घरी चहा पिताना सहज सांगितली, ती माझी चूक. आपल्या बहिणीने कपबशी खाली ठेवली आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच माझ्याकडे पूर्ण नजरेने पाहिलं. संध्याकाळपर्यंत शेजारणीला 'समन्वयक' हा शब्द न अडखळता म्हणता येऊ लागला. दोन नवे शर्ट आले, दोन्हींच्या कॉलरी कडक. ते घालून मला मान वळवता येत नाही, पण समन्वयकाला मान वळवावी लागत नसावी. माझ्या दुसऱ्या मेहुण्यांना फोन गेला. आपल्याला गेला नाही, कारण आपल्याला मी पत्राने रीतसर कळवावं, असं ठरलं. म्हणून हे रीतसर पत्र.

सोमवारपर्यंत होकार द्यायचा आहे. नकार दिला तरी खोली जाणारच, असं प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगितलं आहे. मग मी साधा लिपिक म्हणून मुख्य कार्यालयात बसायचं. होकार दिला तर मान, चाकं आणि घरात शांतता. मी रोज सकाळी डोळे मिटून विचारतो. वरून उत्तर येत नाही. बहुधा तिकडेही नोंदी चालू असाव्यात. आपण वडीलधारे, आपला सल्ला मला शिरसावंद्य आहे. काय करू ते सविस्तर कळवावं.

आपला आज्ञाधारक,
जावईबुवा

ता. क. : सल्ला पाठवण्याची तसदी घेऊ नये. वरचं पत्र मी गुरुवारी लिहिलं, आणि शुक्रवारी पाहतो तर ती दोनवाली मुलगी आपल्या मैत्रिणीला घेऊन खोलीच्या दारात उभी. मैत्रीण म्हणाली, "सर, माझं ओळखपत्र हरवलं." ते तिच्या गळ्यात लटकत होतं. मी कागद शोधला नाही. बसा म्हणालो. त्यानंतर होकार लिहायला बसलो, दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. त्यामुळे आज नकार लिहून दिला. प्राचार्य म्हणाले, विचार करा. मी म्हणालो, केला. मुख्य कार्यालयातलं टेबल सोमवारपासून. मधल्या सुट्टीत मी कुठे बसायचं हे त्यांनी ठरवलेलं नाही, म्हणून त्या दोन खुर्च्या मी जिन्याखाली नेऊन ठेवल्या आहेत.

ता. क. दुसरा : आता खरी विनंती. हे घरी अजून सांगितलेलं नाही. आपल्या बहिणीला आपण सांगावं. ती माझं ऐकून घेते आणि आपलं ऐकते, हा फरक आपल्याला ठाऊक आहे. पत्र मिळेल त्या दिवशी दुपारी, तिची झोप झाल्यावर फोन करावा. आधी आपल्या कंबरेबद्दल बोलावं, म्हणजे ती हळवी होईल. मग मी किती सरळ माणूस आहे असं काहीतरी म्हणावं. खोटं वाटलं तरी चालेल. शर्टांचा विषय टाळावा.

ता. क. तिसरा : फोन करू नये. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तेव्हा तिने विचारलं, एवढं लांबलचक काय लिहिलंत? 'ठीक आहे सगळं, तेच कळवतोय' असं तोंडावर आलं होतं, म्हणजे पाच. ते गिळलं आणि सगळं सांगून टाकलं. नकार, लिपिकाचं टेबल, जिना, खुर्च्या. तिने उठून कपाट उघडलं. शर्टांच्या घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. मग विचारलं, "जिन्याखाली पंखा आहे का?" मी खरं ते सांगितलं.