डूगलला पुढे उभं करण्याबाबत

ती. एर्विनमामांस,
लोइसचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या, "गुडघ्याला काय धाड भरलीय? माणसाचंच बिनसलंय. तीन दिवस मेंढ्यांना फुटबॉल समजावतोय!" मेंढ्या ऐकत असतील तर उत्तम. (आपल्या मेरिंगा संघाची पोरंही ऐकतात, पण जरा जास्तच ऐकतात.)

शाळेत जायच्या आधी तुम्हीच मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी शिकवलंत. आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गोलचे गुण सहा म्हणून दोनाच्या आधी सहाचा पाढा घोकून घेतलात, आणि 'दिसलं ते सांगावं' हेही. म्हणून धीर करून सांगते. सामन्यात तुम्ही संघाच्या अठराच्या अठरा जणांना मागे, आपल्या गोलपाशी बोलावता. चेंडू मिळतो, पोरं तो झोकात लांब मारतात, आणि तिकडे घ्यायला कोणी नसतं. असतात फक्त मॅगपाय पक्षी, आणि ते बाजूला होतात.

शनिवारी धुकं इतकं होतं की समोरच्या कडेला लावलेल्या गाड्या तळ्यात तरंगतायत असं वाटत होतं. मी गाडीत, मांडीवर शाल, थर्मासचा चहा. खेळाडू मधूनच दिसायचे आणि विरघळून जायचे. मला अगदी शांत, गोड वाटत होतं (आपण दोनच गुणांनी पुढे असताना असं वाटणं बरं नव्हे, हे कळत होतं). काचेवर वाफ धरली होती. तिच्यावर मी बोटाने अठरा ठिपके काढले आणि तुमचा संघ माझ्या मनासारखा लावू लागले. सतरा बसले. चेंडू झेलण्यात पटाईत अशा आपल्या डूगलचा ठिपका पार वर, त्यांच्या गोलपाशी हवा होता. मी वाकले, अजून वाकले, आणि पोटाखाली हॉर्न दाबला गेला. लांब.

मैदानाच्या भोंग्याची वायर उंदरांनी खाल्लेली, म्हणून सामना संपल्याची खूण हाइन्झकाकांच्या ट्रकचा एक लांब हॉर्न, असं ठरलेलं. आपली पोरं शिस्तीत थांबली, हात मिळवायला पुढे झाली. समोरच्या संघाचे लेक बोरानवाले पंचाच्या शिट्टीची वाट बघत खेळत राहिले आणि गोल करून मोकळे झाले. चार गुणांनी हरलो.

हॉर्न कुणाचा, ते धुक्यात कुणालाच कळलं नाही. मी मीट-पाय विकतात त्या खिडकीशी सॉस वाढत उभी होते आणि लोक म्हणत होते, "अठरा जण एका कोपऱ्यात! मेंढ्यांना पाऊस लागलाय जणू! एर्विनला बदला रे आता!" हॉर्न माझा, हे मी सांगितलं नाही. उलट सॉस जास्त वाढला.  गुरुवारी तुम्हाला प्रशिक्षक ठेवायचं की नाही यावर मतदान आहे, आणि दोष माझा आहे.

तुमची,
लोइस

ता. क. याची प्रत क्लबचे अध्यक्ष म्हणून हाइन्झकाकांना आजच दिली. सभेत मोठ्याने वाचणार म्हणाले.

ता. क. २. प्रत देताना मन खाऊ लागलं, म्हणून तिथेच खाली एक ओळ वाढवली: 'हॉर्न फक्त शनिवारी वाजला. आधीचे पाच सामने आपण हॉर्नशिवाय हरलो.' खरं होतं, काय करू?

ता. क. ३. मंगळवारी सराव आहे. मामा, तेवढं डूगलला पुढे उभं करा ना. म्हणजे गुरुवारी 'डूगल पार वर हवा होता' ही ओळ वाचली की तुम्हाला उठून सांगता येईल, "ते कधीच केलंय. पुढचं वाचा."