साठ फॉर्म, एक थंडा

३ मार्च
शब्दकोशाच्या ऑफिसात तीन वर्षं टेम्पररी. आता मोठं काम आलं: बाटलीतल्या गार पेयाला कुठे काय म्हणतात, त्याचा नकाशा. जुन्या नोंदींत नदीच्या अलीकडे थंडा, पलीकडे लेमन. पलीकडचे साठ फॉर्म नीट भरले तर पर्मनंट, नाहीतर नारळ. संपादक मॅडम म्हणाल्या, घाई नको. घाई कसली? हातचा मळ आहे.

४ मार्च, सकाळी ७
पलीकडे म्हणजे माझी सासुरवाडीच. राहण्याजेवण्याचा प्रश्न मिटला. बायको म्हणाली, अनोळखी गाव बघा. तिला संशोधनातलं काय कळतं.

५ मार्च
दोन दिवसांत साठ! पद्धत माझी स्वतःची. बाटली पुढे करायची, थंडा घेणार का म्हणून आपुलकीने विचारायचं, मग याला काय म्हणता ते विचारायचं. साठच्या साठ जण म्हणाले, थंडा. सासूबाई तर मान खाली घालून म्हणाल्या. लेमन संपलं! शोध माझ्या नावावर.

६ मार्च
बायको म्हणते, आमच्याकडे काळं असो, पिवळं असो, लेमनच. मी म्हटलं, मग तू एकोणीस वर्षं थंडा कशी म्हणतेस? ती ताट वाढायला उठली. वाद जिंकलो. जेवण मात्र गेलं नाही.

९ मार्च, दुपारी ४
साठ एकसारखी उत्तरं मॅडमना पटत नाहीत. उद्या स्वतः येणार. मेहुण्याला तीनदा फोन केला, सगळ्यांना थंडाच म्हणायला सांग. ही फसवणूक नव्हे, आठवण करून देणं.

१० मार्च
मॅडमनी मला जीपमध्येच बसवलं. दारोदार नुसती बाटली वर केली, तोंडातून शब्द नाही. लेमन. लेमन. लेमन. सासूबाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मग यांना थंडा का सांगितलंत, मॅडमनी विचारलं. मेहुणा म्हणाला, दाजीच आधी थंडा म्हणाले. जावयाचा शब्द कोण खोडणार?
जीपची काच लावून घ्यायला हवी होती.

११ मार्च, संध्याकाळी
नारळ मिळाला. मॅडमची पद्धत तशी वाईट नाही. एक जादाचा कोरा फॉर्म उरला होता, म्हणून बायकोसमोर बाटली वर धरली. काही बोललो नाही. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, थंडा.
म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो! तिचं नाव लिहायला घेतलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज आला. आईला सांगत होती, ह्यांची नोकरी गेली गं. तू काही बोलू नकोस त्यांना. बाहेर एकटेच लेमन पीत बसलेत.
फॉर्म कोराच ठेवला.